शत्रूच्या नोटा छापणारी सरकारं

नाशिकरोडला राहणाऱ्या माणसाला नोटांच्या छपाईचं फारसं अप्रूप नसतं. गल्लीत एक तरी माणूस प्रेसमध्ये नोकरीला असतो नाहीतर तिथून रिटायर झालेला असतो, कुणाचे आजोबा, कुणाची आत्या, कुणाचा जावई, आणि बोलण्यात शिफ्ट, ओव्हरटाईम, पीएफ हेच विषय, नोटा छापतो म्हणून कुणी मिरवत फिरत नाही. 1928 पासून हे काम इथे चालू आहे, त्याआधी आपल्या नोटा इंग्लंडमधून छापून यायच्या. पण जगात काही सरकारांनी आपल्या नोटांसोबत दुसऱ्या देशाच्या नोटासुद्धा छापल्यात, चोरून, गुप्तहेर खात्याच्या देखरेखीखाली, आणि त्या देशाचं राज्य खिळखिळं करायचं म्हणून. हेरगिरी म्हटलं की आपल्याला फोन टॅपिंग आठवतं, हनी ट्रॅप आठवतो, निवडणुकीत परदेशी पैसा आला वगैरे बातम्या आठवतात, पण बनावट नोट हे हत्यारही फार जुनं आहे आणि त्यामागचं सायन्स इतकं भारी आहे की त्याबद्दल मराठीत जास्त लिहिलं गेलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

पैशावर हात टाकणं म्हणजे राज्यावर हात टाकणं, याचा पुरावा लांब शोधायची गरज नाही, आपल्या सिन्नर तालुक्यातच सापडलाय. 1906 साली जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा निघाला, 13 हजारांहून जास्त नाणी, सगळी क्षत्रप राजा नहपानाची. त्यातल्या 9 हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा मारलेला होता. म्हणजे नहपानाला हरवल्यावर त्याने ती नाणी वितळवत बसायचे कष्ट घेतले नाहीत, शत्रूच्या चेहऱ्यावरच आपली चिन्हं ठोकली आणि नाणी परत बाजारात सोडली, की आता इथे कुणाचं राज्य आहे ते ज्याच्या त्याच्या हातात पडून कळू दे. नाण्यांच्या अभ्यासासाठी अंजनेरीला एक अख्खी संशोधन संस्था आणि म्युझियम आहे, त्र्यंबकला जाता येता वाटेवरच आहे, नाशिकच्या माणसाने एकदा तरी जाऊन यावं. सातकर्णीने केलं ते उघडपणे केलं. गुप्तहेर खाती करतात ते याच्या उलटं, शत्रूचा चेहरा, शत्रूची सही, शत्रूचं चिन्ह जसंच्या तसं ठेवायचं आणि त्याच्या आडून आत शिरायचं.

अठराव्या शतकात हे प्रकार सर्रास चालायचे. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना इंग्रजांनी बंडखोर वसाहतींच्या कागदी नोटांची नक्कल करून त्या प्रचंड प्रमाणात पसरवल्या, त्याचा अड्डा न्यूयॉर्क बंदरात होता. ती नोट, तिला कॉन्टिनेंटल म्हणायचे, पुढे अशी घसरली की कवडीमोल वस्तूला अमेरिकेत 'एका कॉन्टिनेंटलच्याही किमतीची नाही' असं म्हणायला लागले. घसरणीला एकटे इंग्रज जबाबदार नव्हते, खुद्द बंडखोरांनीच गरजेपोटी वारेमाप नोटा छापल्या होत्या, पण इंग्रजांनी आगीत तेल ओतलं हे नक्की. फ्रेंच क्रांतीच्या काळातल्या नोटांचंही इंग्लंडने तेच केलं, आणि पुढे नेपोलियनने ऑस्ट्रिया आणि रशियाच्या बनावट नोटा छापून घेतल्या.

या काळातली एक गोष्ट मला फार आवडते. बेंजामिन फ्रँकलिन हा पेशाने छापखानेवाला. पेनसिल्व्हेनियाच्या नोटा छापायचं कंत्राट त्याच्याकडे होतं आणि नक्कल थांबवायला त्याने चक्क झाडाचं पान वापरलं. खऱ्या पानाचा साचा घ्यायचा, त्यावरून धातूचा ठोकळा ओतायचा आणि तो नोटेच्या मागच्या बाजूला छापायचा. पानाच्या शिरा बघा कधी नीट, मधली जाड शीर, तिला फुटलेल्या बारीक शिरा, त्यांना आणखी बारीक, कुठे किती जाड कुठे किती बारीक याला काही नेम नाही, आणि एका पानासारखं दुसरं पान नाही. हाताने कोरणारा कितीही कसबी असला तरी त्याला ते हुबेहूब जमत नाही. साचा नेमका कसा बनवायचा हे त्याने गुपित ठेवलं. आजच्या नोटेवरच्या प्रत्येक सिक्युरिटी फीचरमागे हाच विचार आहे, बघणाऱ्याला पटकन ओळखता यावं आणि बनवणाऱ्याला मात्र अतिशय अवघड जावं.

आता या विषयातलं सगळ्यात मोठं प्रकरण, दुसऱ्या महायुद्धातलं. हिटलरच्या जर्मनीत एसएस या नाझींच्या निमलष्करी संघटनेच्या गुप्तहेर विभागाने इंग्लंडचे पौंड छापायचं ठरवलं. सुरुवातीची कल्पना अशी होती की विमानातून इंग्लंडवर नोटांचा पाऊस पाडायचा, लोक उचलतील, वापरतील, आणि मग खरी कुठली खोटी कुठली कळेनासं झालं की सगळी व्यवस्थाच कोलमडेल. पहिला प्रयत्न फारसा पुढे गेला नाही. 1942 मध्ये बर्नहार्ड क्र्यूगर नावाच्या एसएस अधिकाऱ्याने तो नव्याने सुरू केला आणि त्याच्याच नावावरून ते ऑपरेशन बर्नहार्ड म्हणून ओळखलं जातं. कामगार म्हणून त्याने वेगवेगळ्या छळछावण्यांमधून ज्यू कैदी निवडले, कुणी छपाईवाले, कुणी नक्षी कोरणारे, कुणी बँकेत काम केलेले, सगळे मिळून 140 च्या आसपास माणसं, आणि त्यांना बर्लिनजवळच्या झाक्सनहाउझन छावणीत बाकीच्यांपासून तोडलेल्या दोन बराकींमध्ये कोंडलं. या माणसांना पक्कं माहीत होतं की काम संपलं की आपणही संपणार. त्यांच्यापैकी जे वाचले त्यांनी नंतर सांगितलंय की डॉलरची नक्कल करायचं काम त्यांच्यातल्या काहींनी जाणूनबुजून लांबवलं, पकडले गेले असते तर जागीच गोळी होती हे माहीत असून. यांच्याबद्दल वाचताना तंत्राचं कौतुक करायला माझी जीभ रेटत नाही, कारण ते तंत्र गुलामांकडून करून घेतलेलं होतं, पण ते समजून घेतल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही.

त्यावेळची पाच पौंडांची नोट दिसायला एकदम साधी होती, पांढरा कागद, एकाच बाजूला काळी छपाई. वाटेल की यात काय अवघड. तर सगळ्यात आधी कागदच अवघड निघाला. इंग्लंडचा नोटेचा कागद लाकडाच्या लगद्याचा नव्हता, कापडाच्या चिंध्यांपासून केलेला होता. जर्मनांनी तसा कागद बनवला, साध्या उजेडात हुबेहूब दिसायचा, पण अतिनील म्हणजे यूव्ही दिव्याखाली धरला की रंग वेगळा यायचा. खूप डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की आपण नवं कोरं कापड वापरतोय आणि इंग्लंडवाले वापरलेल्या जुन्या चिंध्या घेतात. मग तेच कापड आधी कारखान्यात पुसायला दिलं, मळवलं, परत धुतलं आणि मग त्याचा लगदा केला, तेव्हा कुठे रंग जुळला. वॉटरमार्क जुळवायला आणखी वेळ गेला. नंबरांचं वेगळंच, कुठल्या मालिकेत कुठली अक्षरं, कुठली तारीख, त्यावेळी सही कुणाची, हे सगळं एकमेकांशी जुळावं लागतं, त्याचीही पद्धत त्यांनी शोधून काढली. त्याच्याही पुढची गोष्ट म्हणजे इंग्लंडमधले बँकवाले नोटांच्या गठ्ठ्याला टाचणी टोचायचे, म्हणून कैद्यांना बसवून तयार नोटांना टाचणीची भोकं पाडायला लावली, घड्या घालायला लावल्या, हात लावून लावून मळवायला लावल्या. कोरी करकरीत नोट संशय आणते, वापरलेली नोट आणत नाही.

अशा जवळपास 13 कोटी पौंडांहून जास्त किमतीच्या नोटा छापल्या गेल्या. त्यातल्या सगळ्या बाजारात उतरल्या नाहीत, पण ज्या उतरल्या त्यांनी काम केलं, फक्त ते मूळ ठरवलेलं काम नव्हतं. विमानातून नोटा टाकायचा प्लॅन मागे पडला आणि या नोटा हेरगिरीचा खर्च भागवायला वापरल्या जाऊ लागल्या. तुर्कस्तान त्यावेळी तटस्थ होता आणि अंकारामध्ये इंग्लंडच्या राजदूताच्या घरी एल्येसा बाझ्ना नावाचा नोकर होता, तो राजदूताच्या तिजोरीतल्या कागदांचे फोटो काढून जर्मनांना विकायचा. त्याला मिळालेल्या लाखो पौंडांपैकी बहुतेक नोटा याच छावणीत छापलेल्या होत्या. खरी गुपितं खोट्या नोटांना विकली गेली.

इंग्लंडला पत्ता लागला तो बँकेतल्या खातेवहीमुळे. बँक ऑफ इंग्लंड परत आलेल्या प्रत्येक मोठ्या नोटेचा नंबर लिहून ठेवायची, आणि एक दिवस अशी नोट समोर आली की त्या नंबरची नोट आधीच परत येऊन रद्द झालेली होती. नोट इतकी चांगली होती की नुसत्या डोळ्यांनी ती बहुधा सुटलीच असती. मला हे फार मोलाचं वाटतं, की नक्कल कितीही हुबेहूब केली तरी एक नंबर दोनदा येणं लपवता येत नाही. त्यानंतर 1943 मध्ये बँक ऑफ इंग्लंडने 10 पौंड आणि त्याहून मोठ्या सगळ्या नोटा काढणं बंद केलं. 10 पौंडांची नोट परत यायला 1964 उजाडलं. बघा म्हणजे, युद्ध जिंकलेला देश, जगभर पसरलेलं साम्राज्य, आणि वीस वर्षं त्यांची सगळ्यात मोठी नोट पाच पौंडांची! पाचची ती जुनी पांढरी नोट जाऊन नवी रंगीत नोट आली 1957 मध्ये, आत धातूची तार असलेली. ही तार इंग्लंडने 1940 मध्येच एक पौंडाच्या नोटेत घातली होती, जर्मन नकलेच्या धास्तीनेच, आणि आज तुमच्या पाचशेच्या नोटेतली तार त्याच घराण्यातली आहे.

युद्ध हरायला लागल्यावर जर्मनांनी नोटांच्या पेट्या ऑस्ट्रियातल्या टोप्लिट्झ तलावात बुडवल्या. 1959 मध्ये पाणबुड्यांनी त्या बाहेर काढल्या तेव्हा त्यातल्या नोटा बऱ्याच चांगल्या अवस्थेत होत्या. तो तलाव खोल आहे आणि साधारण 20 मीटरच्या खाली त्याच्या पाण्यात ऑक्सिजन जवळपास नाहीच, त्यामुळे कागद कुजवणारे जीवजंतू तिथे नीट जगत नाहीत. बहुतेक कैदी मात्र वाचले, मे 1945 मध्ये एबेनझे छावणीत अमेरिकन सैन्य पोचलं तेव्हा सुटले.

आता आपल्या नोटेकडे येऊ. पाचशेची नोट हातात घ्या आणि वाचता वाचता बघत चला.

कागद आधी. हा कापसाच्या तंतूंचा कागद आहे. घरातला झेरॉक्सचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, तो पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारं केमिकल घालतात, ते यूव्ही किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतं, म्हणून यूव्ही दिव्याखाली साधा कागद झगझगीत उजळतो. नोटेच्या कागदात ते घातलेलं नसतं म्हणून नोट त्या दिव्याखाली मंद, काळपट राहते आणि नंबर आणि कागदातले बारीक रंगीत तंतू तेवढे चमकतात. पेट्रोल पंपावर, सराफाकडे जो छोटा निळा दिवा असतो त्याचं काम एवढंच. खिशात राहिलेली नोट पँटसोबत धुतली गेली तरी वाचते ती याच कापसामुळे.

वॉटरमार्क हा छापलेला नसतो. कागद ओला असताना, लगदा जाळीच्या रोलरवर बसताना, रोलरवरच्या उंचसखल भागामुळे तंतू कुठे जास्त साचतात कुठे कमी, वाळल्यावर जाड भाग उजेडात गडद दिसतो आणि पातळ भाग उजळ. त्यामुळे गांधीजींच्या चेहऱ्यावर गडद ते उजळ अशा हळूहळू बदलणाऱ्या छटा येतात. बनावटवाले बरेचदा पांढऱ्या किंवा तेलकट शाईने कागदावर चित्र काढतात, त्यात छटा नसतात, सपाट दिसतं. खरा वॉटरमार्क करायचा तर कागदाची गिरणीच लागते.

मग ती उठावाची छपाई, प्रेसमध्ये काम केलेल्या माणसांच्या तोंडी इंटाग्लिओ हा शब्द रोजचा असतो. धातूच्या प्लेटवर चित्र खोदलेलं असतं, शाई त्या खाचांमध्ये भरायची, वरची शाई पुसून टाकायची आणि मग प्रचंड दाबाखाली कागद प्लेटवर आपटायचा, इतका दाब की कागदच खाचेत घुसतो आणि शाई उचलून बाहेर येतो. त्यामुळे शाई कागदावर उंचवट्यासारखी बसते, हाताला लागते. जेलरोडला आमच्या ओळखीचे एक काका आहेत, आयुष्य प्रेसमध्ये गेलं, त्यांच्या हातात नोट दिली की आधी नख नोटेच्या कडेच्या तिरक्या रेघांवरून जातं, पाचशेवर अशा पाच रेघा असतात डाव्या आणि उजव्या कडेला, मग गांधीजींच्या चित्रावरून अंगठा, आणि मगच डोळे. ते स्वतः हे करतायत हे त्यांच्या लक्षातही येत नाही, बोलणं चालूच असतं.

याच छपाईत आणखी एक गंमत लपवता येते. बारीक उठावदार रेघा एका दिशेने मारायच्या आणि त्यांच्यातच आकड्याच्या आकारात त्यांना आडव्या रेघा. सरळ बघितलं तर नुसती नक्षी दिसते, नोट डोळ्यांच्या पातळीला तिरकी धरली की एका दिशेच्या रेघा प्रकाश अडवतात, दुसऱ्या दिशेच्या नाही, आणि लपलेला 500 आकडा दिसतो. आणि नोटेच्या पुढच्या बाजूला अर्धवट छापलेला एक छोटा आकडा असतो, त्याचा उरलेला भाग मागच्या बाजूला, उजेडात धरलं की दोन्ही मिळून पूर्ण 500. हे जमायला कागदाच्या दोन्ही बाजू एकाच वेळी, एकाच मशीनमध्ये छापाव्या लागतात, आधी एक बाजू मग दुसरी असं केलं तर केसाएवढा तरी फरक पडतोच.

खालच्या कोपऱ्यातला मोठा ₹500 आणि मधली तार, दोन्ही नोट हलवली की हिरव्याचे निळे होतात. त्या शाईत अतिशय पातळ थर दिलेले कण असतात, थराची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपासची. वरून परतणारा आणि खालच्या थरावरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो, कोन बदलला की वाट लांबते किंवा कमी होते आणि कुठला रंग बळावणार ते बदलतं. पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर दिसणारे रंग याच कारणाने दिसतात. स्कॅनर किंवा झेरॉक्स मशीन एकाच कोनातून बघतं, त्यामुळे त्याला एकच रंग मिळतो, आणि कॉपी कितीही महागड्या मशीनवर काढली तरी तिचा रंग काही बदलत नाही.

हे सगळं सांगायचं कारण आपल्या कायद्यात आहे. बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायदा, ज्याला सगळे यूएपीए म्हणतात, त्यात 2012 च्या दुरुस्तीने उच्च दर्जाच्या बनावट नोटा देशाचं आर्थिक स्थैर्य बिघडवण्यासाठी बनवणं, पसरवणं हे दहशतवादी कृत्य ठरवलं. मग उच्च दर्जाची म्हणजे कुठली? त्यासाठी कायद्याला एक परिशिष्ट जोडलंय आणि त्यात तीन गोष्टी दिल्यात: वॉटरमार्क, लपलेली प्रतिमा आणि आरपार जुळणारी छपाई. वर सांगितलेल्याच तीन. आता प्रत्येकाला काय लागतं ते आठवा. एकाला कागदाची गिरणी, दुसऱ्याला खोदलेल्या प्लेट आणि तो दाब, तिसऱ्याला दोन्ही बाजू एकदम छापणारं मशीन. एखाद्या खोलीत कलर प्रिंटर घेऊन बसलेल्या टोळीकडे यातलं काहीही नसतं. अशी मशीन बनवणाऱ्या कंपन्या जगात बोटावर मोजण्याइतक्या आणि त्या सरकारांना किंवा सरकारांसाठी नोटा छापणाऱ्यांनाच विकतात. म्हणजे नोटेवर या तीन गोष्टी खऱ्यासारख्या असतील तर ती नोटच सांगते की आपल्यामागे बहुधा कुठलं तरी सरकार आहे. कायदा लिहिणाऱ्यांनी मशीनचा विचार करून गुन्ह्याची व्याख्या केली, हे मला खरंच हुशारीचं वाटतं.

आणि हीच मोठी अडचणही आहे. जे एक सरकार बनवू शकतं ते दुसरं सरकारही बनवू शकतं. 1989 मध्ये फिलिपिन्समध्ये मनिलाला 100 डॉलरच्या अशा बनावट नोटा सापडल्या की त्यांना पुढे सुपरडॉलर नाव पडलं, कागद कापसाचा, छपाई उठावाची. अमेरिकेने उत्तर कोरियावर उघड आरोप केला, उत्तर कोरियाने तो नाकारला. अमेरिकेने 1996 मध्ये आणि परत 2013 मध्ये शंभरची नोट नव्याने आणली.

आपल्याकडे भारतीय तपास यंत्रणा आणि केंद्र सरकार कितीतरी वर्षांपासून म्हणतायत की उच्च दर्जाच्या बनावट नोटांमागे पाकिस्तानच्या आयएसआयचा हात आहे, माल नेपाळमार्गे आणि बांगलादेश सीमेवरून, विशेषतः पश्चिम बंगालच्या मालदा भागातून आत येतो. पाकिस्तान हे नाकारतं. या सगळ्यात नाशिकचा एक जुना धागा आहे जो फार कमी जणांना माहीत असतो: फाळणी झाली तेव्हा पाकिस्तानकडे नोटा छापायची सोयच नव्हती, म्हणून 1947-48 मध्ये त्यांच्यासाठी भारतीय नोटाच वापरल्या गेल्या, वर इंग्रजीत गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान आणि उर्दूत हुकूमत-ए-पाकिस्तान असं छापून, आणि ती छपाई झाली आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये. पाकिस्तानातल्या लोकांनी स्वतंत्र देशाच्या म्हणून वापरलेल्या पहिल्या नोटा इथल्या माणसांच्या हातून गेल्यात.

बनावट नोटा नेमक्या आहेत किती? हा सोपा प्रश्न नाही, कारण जी पकडली ती मोजता येते, न पकडलेली कशी मोजणार. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने याचा अभ्यास केला आणि नोटाबंदीच्या आधीच्या काळासाठी अंदाज काढला, की चलनात कुठल्याही वेळी साधारण 400 कोटी रुपयांच्या बनावट नोटा असतात, दर 10 लाख नोटांमागे 250. तेव्हा देशात एकूण चलन 16 लाख कोटींच्या वर होतं, त्यात 400 कोटी म्हणजे किरकोळ. एवढ्याने कुठल्याही देशाची अर्थव्यवस्था बुडत नाही, आणि महागाई वाढते वगैरे जे मेसेज फिरतात त्यांना या आकड्याचा काही आधार नाही.

पण 10 लाखांत 250 म्हणजे 4000 नोटांमागे एक. एखाद्या भाजीवालीच्या हातात दिवसाला तीन मोठ्या नोटा येत असतील असं धरा, तर सरासरीने तिला एक बनावट नोट मिळायला साडेतीन वर्षं लागतील. ऐकायला कमी वाटतं, पण सरासरी इथे फसवते, कारण बनावट नोट खपवणारा बँकेत जात नाही, मोठ्या शोरूममध्ये जात नाही, तो जातो जिथे गर्दी आहे, उजेड कमी आहे, घाई आहे आणि मशीन नाही, म्हणजे बरोबर तिच्याकडेच. आणि पाचशेची एक नोट गेली तर तिची अख्ख्या दिवसाची कमाई गेली, कधी दोन दिवसांची.

गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या घाटावर, बुधवारच्या बाजारात संध्याकाळी एकदा मी मेथी, वांगी घेऊन पाचशेची नोट दिली. मावशींनी अंगठा फिरवला, बल्बकडे धरली, परत अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "दादा, दुसरी द्या, ही गुळगुळीत लागती." नोट खरी होती, एटीएममधून निघालेली, फक्त जुनी, हजारो हातांतून फिरून उठाव झिजलेला. मी म्हटलं, "मावशी, वॉटरमार्क बघा ना, खरी आहे." त्या म्हणाल्या, "तुमची खरी असंल हो, पण उद्या बँकेनं कापली तर माझं कोण भरून देणार?" मी दुसरी नोट दिली.

त्यांनी जे केलं ते अगदी बरोबर होतं, आणि परदेशी गुप्तहेर खात्याला जे हवं असतं तेही नेमकं हेच. जर्मनांना इंग्लंडची अर्थव्यवस्था बुडवता आली नाही, पण इंग्लंडला स्वतःच्या मोठ्या नोटा बंद कराव्या लागल्या. बनावट नोट पकडली गेली म्हणजे तिचं काम संपलं असं नाही, पकडल्याची बातमी फिरली की खऱ्या नोटेकडे संशयाने बघणारे हात वाढतात, आणि त्या प्रत्येक नकारात सरकारच्या सहीची किंमत थोडी कमी होते. यासाठी 400 कोटीसुद्धा लागत नाहीत.

नोटाबंदीच्या वर्षी म्हणजे 2016-17 मध्ये बँकिंग यंत्रणेत 7.62 लाख बनावट नोटा सापडल्या, सगळ्यांनी जुन्या नोटा एकदम बँकेत भरल्या त्यामुळे आत लपलेल्याही वर आल्या. 2023-24 मध्ये हा आकडा सुमारे 2.2 लाख होता. पण हे आकडे बँकेपर्यंत पोचलेल्या नोटांचे आहेत, जी नोट आठवडी बाजारांमध्येच फिरत राहते ती यात येत नाही. कागदाच्या बाबतीत मात्र खरंच सुधारणा झालीये. आधी मोठ्या नोटांचा कागद बराचसा परदेशी कंपन्यांकडून यायचा, त्याच कंपन्या इतर देशांनाही कागद पुरवायच्या, आणि नव्वदच्या दशकात तर काही नोटा छापूनच परदेशातून आणल्या होत्या, ज्यावर नंतर संसदेच्या समितीने चांगलेच ताशेरे ओढले. आता होशंगाबाद म्हणजे नर्मदापुरम आणि म्हैसूरला आपल्या गिरण्या आहेत. ज्या देशाचा नोटेचा कागद दुसऱ्याच्या हातात, त्याचं अर्धं गुपित दुसऱ्याच्या हातात, त्यामुळे हे आधीच व्हायला हवं होतं असं माझं मत आहे.

मावशींच्या प्रश्नाचं काय? रिझर्व्ह बँकेचा नियम असा: बँकेत भरलेली नोट बनावट निघाली तर तिच्यावर शिक्का मारून ती जप्त होते, पावती मिळते, भरपाई मिळत नाही. एका वेळी चारपर्यंत नोटा असतील तर बँक महिन्याच्या रिपोर्टमध्ये पोलिसांना कळवते, पाच किंवा जास्त असतील तर एफआयआर. नोट बनावट आहे हे माहीत असताना पुढे खपवली तर तो गुन्हा आहे. भरपाई न देण्यामागचं कारण मला कळतं, पैसे परत मिळायला लागले तर बनावट नोटा छापणाराच माणसं लावून त्या बँकेत भरेल. पण याचा अर्थ असा होतो की कुठल्यातरी परक्या देशाने आपल्या देशाविरुद्ध केलेल्या हल्ल्याचं बिल शेवटी आठवडी बाजारातली एक बाई एकटी भरते, आणि हे मला पटत नाही. निदान एवढं तरी करता येईल: एकदाच, एकाच नोटेपुरती, आधार नंबर घेऊन, नोट कुठे कधी मिळाली याची माहिती देणाऱ्याला अर्धी भरपाई. त्या बदल्यात तपास यंत्रणांना अशी माहिती मिळेल जी आज त्यांना कुणीच देत नाही, कारण आज ज्याला बनावट नोट सापडते तो घाबरून एकतर ती फाडून टाकतो नाहीतर अंधारात पुढे ढकलतो. आणि दुसरं, प्रेस इथे नाशिकरोडला आहे, त्यात आयुष्य घालवलेली माणसं इथेच राहतात, पंचवटी मार्केट यार्डात, लासलगाव-पिंपळगावच्या बाजार समितीत त्यांना बोलावून दोन तास खऱ्या आणि बनावट नोटा लोकांच्या हातात द्यायला लावायच्या, विशेषतः झिजलेल्या खऱ्या नोटा, म्हणजे गुळगुळीत लागली तरी तार हलवून आणि वॉटरमार्कच्या छटा बघून ओळखता येते हे हाताला कळेल. रिझर्व्ह बँकेचं मणी नावाचं अ‍ॅप आहे, अंध व्यक्तींना नोट कितीची ते बोलून सांगतं, पण खरी की खोटी हे ते सांगत नाही. ते अजून हातानेच ओळखावं लागतं.